ताण, थकवा आणि मूत्रपिंडावरच्या दोन ग्रंथी
(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात एक व्याख्यान आरोग्यावर असावे असे समितीने ठरवले आणि ते काम आमच्याकडे दिले, याबद्दल आम्ही समितीचे आभारी आहोत. आम्ही म्हणजे कोणी मोठे डॉक्टर नव्हेत. काही सेवानिवृत्त परिचारिका, एक-दोन औषधनिर्माते, कंपनीतून निवृत्त झालेले दोघे-तिघे कामगार, असे आम्ही सात-आठ जण दर रविवारी विहाराच्या ओट्यावर बसून रक्तदाब आणि साखर तपासतो. पैसे घेत नाही, औषध देत नाही, फक्त तपासतो आणि कुठे जायचे ते सांगतो. त्या ओट्यावर सगळ्यात जास्त ऐकू येणारे वाक्य कोणते असेल? "अंगात काही त्राणच राहिलं नाही हो." पुरुष सांगतात, बाया सांगतात, आणि आता विशी-बाविशीची पोरेसुद्धा सांगू लागली आहेत.

अलीकडे या वाक्याला एक नवे शेपूट फुटले आहे. मोबाईलवर कोणीतरी सांगते की ताणामुळे तुमच्या ॲड्रिनल ग्रंथी थकल्या आहेत, आणि हा थकवा घालवायला आमची पावडर, आमच्या गोळ्या, आमचा काढा. धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या एका ताईंनी तर अशी एक डबी पिशवीतून काढून दाखवली. डबीची किंमत त्यांच्या आठवड्याच्या कमाईएवढी. "सिस्टर, हे घेऊ का? अगदी नैसर्गिक आहे म्हणतात." आता एका शब्दात उत्तर देता आले असते, पण ते उत्तर त्यांना पटले नसते. म्हणून आम्ही पुस्तके चाळली, घाटी दवाखान्यातल्या जाणकारांना विचारले, आणि जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो. जरा लांबेल, सांभाळून घ्यावे.

प्रथम ग्रंथी म्हणजे काय ते पाहू. आपल्या पाठीत, बरगड्यांच्या खाली, दोन मूत्रपिंडे असतात. त्या प्रत्येकाच्या डोक्यावर टोपी घातल्यासारखी एक छोटी पिवळसर ग्रंथी असते. मराठी पाठ्यपुस्तकात तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात, डॉक्टर ॲड्रिनल म्हणतात. वजन म्हणाल तर एकेक जेमतेम चार-पाच ग्रॅम, चमचाभर साखरेइतके. पण या चमचाभर मांसाशिवाय माणूस जगू शकत नाही. तिचे दोन भाग आहेत. आतला गाभा ॲड्रिनलिन सोडतो, बाहेरचे आवरण कॉर्टिसोल आणि शरीरातले मीठ-पाणी सांभाळणारे अल्डोस्टेरॉन तयार करते.

हे कसे चालते ते आपल्यातल्या शिफ्टवाल्यांना चांगले समजेल. सेकंड शिफ्ट सुटून रात्री साडेअकराला वाळूजकडून मोटारसायकलवर येताना गल्लीच्या तोंडाशी चार कुत्री मागे लागली की काय होते? छातीत धडधड, तोंडाला कोरड, हातपाय आपोआप ताठ, आणि गाडी अशी पळते की विचारू नका. हे ॲड्रिनलिनचे काम, क्षणार्धात होणारे. त्याच्यामागून काही मिनिटांत दुसरी फळी येते. मेंदू आपल्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला निरोप देतो, ती रक्तातून ॲड्रिनलला हुकूम पाठवते आणि कॉर्टिसोल वाढते. कॉर्टिसोल रक्तात साखर सोडते, सूज दाबते आणि ज्या कामांची तातडी नाही ती बाजूला ठेवते. घरी पोचलात, दार लावले, पाणी प्यायलात की मेंदू म्हणतो झाले, आणि हुकूम थांबतो. ही व्यवस्था उत्तम आहे. हिच्याच जोरावर माणूस जंगलात टिकला.

ताणाविषयी शास्त्रीय बोलणे सुरू केले ते हान्स सेली या शास्त्रज्ञाने. कॅनडात काम करताना १९३६ साली त्याने एक छोटा लेख प्रसिद्ध केला. उंदरांना थंडीत ठेवा, जखम करा, दमवा किंवा विष टोचा, त्रास कोणताही असो, त्यांच्या शरीरात ठराविक तेच बदल होतात आणि त्यांच्या ॲड्रिनल ग्रंथी मोठ्या होतात, असे त्याला दिसले होते. म्हणजे शरीराला कुत्रा, सावकार आणि साहेब यांतला फरक फारसा कळत नाही. धोका म्हटला की घंटा वाजते.

पण कुत्री घरापर्यंत येत नाहीत. सावकार येतो, साहेबाचा फोन येतो, मुलीच्या फीची तारीख येते. घंटा वाजतच राहते, हीच खरी अडचण.

आपल्याकडे असा समज आहे की ताण मोठ्या माणसांना असतो; साहेबाला जबाबदारी, शिपायाला काय काळजी? हा समज एका मोठ्या पाहणीने मोडीत काढला. लंडनमधल्या सरकारी नोकरांची तपासणी १९६७ साली सुरू झाली, सुमारे अठरा हजार पुरुषांची. तिचे नाव व्हाईटहॉल पाहणी. तिच्यात हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण वरच्या अधिकाऱ्यांपेक्षा सगळ्यात खालच्या दर्जाच्या नोकरांत सुमारे तिप्पट निघाले. बिडी-सिगारेट, रक्तदाब यांचा हिशेब धरूनही सगळा फरक भरून निघेना. पुढे १९८५ पासून झालेल्या दुसऱ्या पाहणीत बायकाही होत्या, आणि तिच्यात असे दिसले की ज्याला आपल्या कामावर आपला काहीच अधिकार नाही, दुसरा सांगेल तेव्हा उठायचे आणि दुसरा सांगेल तेव्हा बसायचे, त्याचे हृदय जास्त धोक्यात असते. हे वाचले तेव्हा आमच्यातल्या कामगार मित्रांनी एकमेकांकडे नुसते पाहिले. लंडनच्या पंडितांना अठरा हजार माणसे तपासून जे कळले ते आपल्या आजीला पहाटेच्या झाडूकामात कळले होते, तिचे कोणी लिहून घेतले नाही एवढेच.

मराठवाड्यातल्या आपल्या माणसांविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९७८ साली नामांतराचा ठराव झाला आणि त्यानंतर खेड्यापाड्यांत जे जळले ते ज्यांनी डोळ्यांनी पाहिले ते आज साठी-सत्तरीत आहेत. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला, पण ती सोळा वर्षे त्यांच्या शरीरातून गेली नाहीत. रात्री बाहेर मोठा आवाज झाला की अजून दचकून उठणाऱ्या आजी आमच्या ओट्यावर येतात. घरचे म्हणतात, म्हातारीला भ्रम झालाय. भ्रम नव्हे. एकदा फार जोरात वाजलेली घंटा पुढे थोड्या धक्क्यानेही वाजते. अशा म्हाताऱ्या माणसांना "विसर आता" म्हणू नये, त्यांच्याजवळ बसावे.

आता ताईंच्या डबीकडे येऊ. ताणाने ॲड्रिनल ग्रंथी थकतात, रिकाम्या होतात, हा विचार अमेरिकेत १९९८ च्या सुमारास जेम्स विल्सन यांनी 'ॲड्रिनल फटीग' या नावाने पुढे आणला. ऐकायला पटतो, बॅटरी उतरते तशी ग्रंथी उतरली. पण तपासून पाहणाऱ्यांना तसे दिसले नाही. ब्राझीलच्या दोन संशोधकांनी या विषयावरचे उपलब्ध अभ्यास एकत्र करून २०१६ साली निष्कर्ष काढला की अशा आजाराला पुरावा नाही. ग्रंथींच्या आजारांचे तज्ज्ञ डॉक्टरही हा आजार मानत नाहीत. थकवा खरा असतो, ताणही खरा असतो. मात्र त्यासाठी ग्रंथीला खुराक देणारी पावडर घेणे म्हणजे घराची वायरिंग बिघडली असताना बल्ब पुसत बसणे.

आणि यात नुकसान केवळ पैशाचे नाही. त्राण नसण्याची जी खरी कारणे आपल्या वस्त्यांत आहेत ती त्या डबीमागे झाकली जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २०२१ च्या फेरीत, महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. शेवटी जेवणारी, तव्यावर उरेल ते खाणारी बाई थकणार नाही तर काय होईल? त्याशिवाय थायरॉइड, मधुमेह, बी-१२ ची कमतरता, क्षयरोग, रात्री घोरताना श्वास अडकणे, आणि मनाचे आजार. यांतल्या बऱ्याच गोष्टी साध्या तपासणीने कळतात आणि उपचाराने सुधारतात.

ॲड्रिनल ग्रंथी खरोखर निकामी होण्याचा आजार मात्र आहे. तो १८५५ साली लंडनच्या थॉमस ॲडिसन या डॉक्टरने वर्णन केला, म्हणून त्याला ॲडिसनचा आजार म्हणतात. त्या काळी क्षयरोग ग्रंथीत शिरून ती खाऊन टाकी, हे मुख्य कारण होते. आपल्या देशात हे कारण आजही विसरून चालत नाही. आजार दुर्मिळ आहे, पण ओळखला नाही तर जीव घेतो. वजन उतरत जाते, उठून उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते, मळमळ, उलट्या, मीठ खावेसे वाटते आणि त्वचा काळवंडते. या शेवटच्या खुणेविषयी जरा थांबून सांगतो, कारण पुस्तके गोऱ्या माणसांना पाहून लिहिलेली असतात. आपल्या सावळ्या अंगावर काळवंडणे लक्षात येत नाही, "उन्हानं रापलाय" म्हणून सोडून देतात. तेव्हा हिरड्या पाहाव्यात, जिभेच्या कडा, तळहाताच्या रेषा, बोटांच्या पेरांवरची चामडी, जुन्या जखमेचा व्रण पाहावा. तिथे नवा काळेपणा आणि सोबत वर सांगितलेली लक्षणे असतील तर वेळ न घालवता मोठ्या दवाखान्यात जावे. सकाळी आठच्या सुमारास रक्तातले कॉर्टिसोल तपासतात. सकाळीच का, ते पुढे सांगतो.

यानंतरचा भाग सगळ्यांनी कान देऊन ऐकावा.

ग्रंथी झोपी घालणारी एक गोष्ट आपल्या भागात सर्रास आहे, आणि तीसुद्धा नैसर्गिक म्हणूनच विकली जाते. आठवडी बाजारात, एस.टी. स्टँडच्या बाहेर, कधी घरपोच, सांधेदुखीची आणि दम्याची पुडी मिळते. जडीबुटी आहे म्हणतात. पैठण तालुक्याकडच्या एका मावशी दोन वर्षे अशी पुडी घेत होत्या. पहिल्या दोन दिवसांत गुडघे मोकळे झाले, भूक वाढली, चेहरा भरला, गावात सगळे म्हणाले, "मावशीनं तब्येत धरली." पुढे रक्तदाब वाढला, साखर निघाली, जरा खरचटले की हातावर काळेनिळे डाग पडू लागले. मग एके दिवशी पुडीवाला बाजारात यायचा बंद झाला. आठ-दहा दिवसांत मावशींना उलट्या सुरू झाल्या, अंथरुणावरून उठता येईना, रक्तदाब पार खाली गेला. दवाखान्यात नेले तेव्हा कारण पटकन कळले ते सूनबाईमुळे. तिने शिल्लक राहिलेल्या दोन पुड्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बरोबर नेल्या होत्या.

अशा पुड्यांत बहुधा स्टेरॉइड कालवलेले असते, डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन. स्टेरॉइड म्हणजे कॉर्टिसोलचेच भावंड, कितीतरी पट ताकदीचे. हे औषध वाईट नाही हो. १९४८ साली अमेरिकेत सांधेवाताच्या रुग्णाला कॉर्टिझोन प्रथम दिले तेव्हा अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली, आणि १९५० चे नोबेल पारितोषिक त्या कामाला मिळाले. करोनाच्या साथीतही डेक्सामेथासोनने प्राणवायूवर असलेल्या रुग्णांचे जीव वाचवले, आणि त्याच औषधाच्या बेसुमार वापराने, मधुमेहाच्या जोडीने, २०२१ साली काळ्या बुरशीचा म्युकरमायकोसिस आपल्या शहरातही थैमान घालून गेला. धार असलेली वस्तू आहे. सर्जनच्या हातात वेगळी, पुडीवाल्याच्या हातात वेगळी.

शरीरात काय होते ते ऐका. बाहेरून इतके स्टेरॉइड येते तेव्हा पिट्युटरी म्हणते, माल भरपूर आहे, आणि ॲड्रिनलला हुकूम पाठवणे बंद करते. काम नाही म्हणून ग्रंथी आक्रसत जाते. तीन-चार आठवड्यांच्या वर असे चालले आणि मग पुडी एकदम बंद झाली, तर ग्रंथी उठून काम करू शकत नाही. ताप आला, अपघात झाला, ऑपरेशन झाले की माणूस कोसळतो. ॲड्रिनल थकल्याची ओरड ज्यांच्याबाबत खरी ठरावी ती ही माणसे, आणि त्यांना मोबाईलवर कोणी सावध करत नाही.

म्हणून विनंती अशी. कोणी अशी पुडी घेत असेल तर आमचे भाषण ऐकून आज रात्री ती फेकून देऊ नये. पुडी घेऊन डॉक्टरकडे जावे, खरे सांगावे. डॉक्टर रागावतील, रागावू द्या. ते ठरवतील ती मात्रा देऊन हळूहळू, कधी काही महिने लावून, ती उतरवतात. तसेच ज्यांना दमा, सांधेवात, मूत्रपिंडाचा आजार किंवा कुष्ठरोगातील रिॲक्शन यासाठी डॉक्टरांनीच स्टेरॉइड लिहून दिले आहे त्यांनीही घाबरून मधेच बंद करू नये. दम्याचा पंप तर बिलकूल सोडू नये, त्यातली मात्रा अगदी थोडी असते. फक्त एवढे करावे की आपण स्टेरॉइड घेतो अशी चिठ्ठी खिशात किंवा पाकिटात ठेवावी, आणि मोठा ताप, उलट्या किंवा ऑपरेशन असेल तर ते प्रथम सांगावे. त्या दिवसांत मात्रा वाढवावी लागते.

आता 'नैसर्गिक' या शब्दाविषयी. आमच्यातल्या औषधनिर्मात्यांचे म्हणणे असे की निसर्गात धोतराही उगवतो. ॲड्रिनलच्या नावाने विकतात त्यांत अश्वगंधा आणि ज्येष्ठमध ही दोन नावे नेहमी असतात. अश्वगंधेवर काही आठवड्यांचे छोटे छोटे अभ्यास झाले आहेत, त्यांत काहींचा ताण आणि कॉर्टिसोल थोडे उतरलेले दिसते. पण काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत, थायरॉइडवरही परिणाम होतो, आणि गरोदरपणी ती घेऊ नये. डेन्मार्कने तर २०२३ साली तिच्यावर बंदी घातली. इतके कडक व्हावे की नाही यावर आमच्यातच दोन मते आहेत; पण यकृताच्या, थायरॉइडच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये, यावर एकमत आहे. ज्येष्ठमधाचे मात्र स्पष्ट आहे. खोकल्याला एखादी काडी चघळली तर काही होत नाही. रोज चमचाभर पावडर खाल्ली तर मूत्रपिंडात कॉर्टिसोल निष्प्रभ करणारी यंत्रणा अडते, अंगात मीठ-पाणी साठते, पोटॅशियम घसरते आणि रक्तदाब चढतो. ज्या वस्तीत दर चार घरांआड रक्तदाबाची गोळी चालू आहे तिथे ही पावडर 'ताणावर उपाय' म्हणून विकणे याला काय म्हणावे! त्यातच कोणी सकाळी मिठाचे पाणी प्या म्हणून सांगतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ सांगते, आपण लोणचे-पापडातच त्याच्या पुढे जातो.

मग करायचे काय? औषधाच्या दुकानात न मिळणारी चार कामे आहेत, आणि त्यांतले झोपेचे काम सगळ्यात मोठे व सगळ्यात अवघड.

कॉर्टिसोल दिवसभर सारखे नसते. मध्यरात्रीच्या सुमारास ते सगळ्यात कमी असते, पहाटे तीन-चारपासून चढू लागते, आणि जाग आल्यावर अर्ध्या तासात शिखर गाठते. रक्ताची तपासणी सकाळी करतात ती यामुळे. शरीरातल्या या घड्याळाची गुपिते उलगडणाऱ्या तिघांना २०१७ चे नोबेल मिळाले. घड्याळ लागते ते उजेडावर. आता वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याला आठवड्याला शिफ्ट बदलणाऱ्या माणसाचे घड्याळ कधी लागणार? एका शिफ्टला शरीर कसेबसे जुळवून घेते तोवर दुसरी येते. कर्करोगावर काम करणाऱ्या जागतिक संस्थेने रातपाळीला २००७ साली संभाव्य कर्करोगकारक गटात टाकले आणि २०१९ साली तेच कायम केले. हा प्रश्न कामगाराने पडदा लावून सुटणारा नाही, तो कामगार संघटनांनी शिफ्टच्या वेळापत्रकात मांडायचा आहे. पण तोवर पोट तर भरायचे आहे. म्हणून थर्ड शिफ्टवाल्यांनी निघण्यापूर्वी थोडी झोप काढावी, चहा शिफ्टच्या पहिल्या निम्म्यात घ्यावा, सकाळी घरी येताना काळा चष्मा लावावा म्हणजे उन्हाने शरीराला दिवस उजाडल्याचा निरोप मिळत नाही, आणि खोलीला जाड चादरीचा पडदा करून झोपावे. डोळा लागत असताना गाडी मात्र चालवू नका. दहा मिनिटे गेटवर बसा, मग निघा. आणि घरच्यांनो, रातपाळीचा माणूस दुपारी झोपला असेल तेव्हा टीव्ही मोठा लावू नका, पाहुण्याला भेटायला त्याला उठवू नका.

घरातल्या बाईची ड्युटी तर सुटतच नाही. आपल्या शहराला पाणी जायकवाडीच्या नाथसागरातून येते, पण नळाला ते कितीकितव्या दिवशी आणि किती वाजता येईल याचा भरवसा वर्षानुवर्षे नव्हता. रात्री दोनला नळ सुटला की उठते कोण? तीच. पुन्हा पाचला डबे. अशा बाईला 'रोज आठ तास झोपा' म्हणून सांगणे ही थट्टा झाली. आम्ही एवढेच म्हणतो की पाण्याच्या रात्री घरातल्या कर्त्या पोरांनी आळीपाळीने वाटून घ्याव्यात. हंडा उचलायला पदवी लागत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्याकडे वळतो. जयंतीला आपल्याकडे अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. बाबासाहेबांच्या ज्ञानतपस्येला अभिवादन म्हणून वर्षातून एक दिवस तो करावा, आम्हीही करतो. पण स्पर्धा परीक्षेची काही मुले अभ्यासिकेत वर्षभर तेच करू पाहतात, चहावर आणि माव्यावर रात्री काढतात, आणि त्याला बाबासाहेबांचे नाव देतात. बाबासाहेबांच्या देहाने त्या कष्टांची केवढी किंमत मोजली हेही वाचले पाहिजे. मधुमेह, पायांतल्या मज्जातंतूंच्या वेदना, झोप न लागणे यांनी ते जर्जर झाले होते. १९४८ साली त्यांनी ज्यांच्याशी विवाह केला त्या माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या आणि त्यांच्या प्रकृतीची काळजी वाहत होत्या. पासष्टाव्या वर्षी ते गेले. त्यांना उसंत नव्हती, कारण त्यांचे काम वाटून घेणारे कोणी नव्हते. तुम्हाला पुस्तक आहे, अभ्यासिका आहे, गादी आहे. दिवसभर वाचलेले डोक्यात पक्के होते ते झोपेत. सहा-सात तासांखाली गेलात तर वाचलेले गळते.

चहाचा अंमल निम्मा उतरायलाच पाच-एक तास लागतात. म्हणून झोपायच्या आधीचा कप टाळावा. तंबाखूविषयी लोकांचा उलटा समज आहे. "एक इडा मळला की डोकं शांत होतं," म्हणतात. निकोटीन ॲड्रिनलच्या गाभ्याला चिमटा काढून ॲड्रिनलिन सोडायला लावते, नाडी वाढवते. शांत वाटते ते तल्लफ भागल्यामुळे, आणि ती तल्लफ तंबाखूनेच लावलेली असते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण बंदी टपरीपर्यंत पोचली की नाही ते तुम्हीच सांगा. दारूने झोप लागते हे खरे, टिकत नाही हेही तितकेच खरे.

आता श्वास. इथे बसलेल्या पुष्कळांनी आनापान केले आहे, त्यांना आम्ही काय शिकवणार. केवळ शरीराच्या बाजूने सांगतो. सामान्य माणूस मिनिटाला बारा ते अठरा श्वास घेतो. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, असे केले की मिनिटाला सहा होतात, आणि हृदयाला आवर घालणारी व्हेगस नावाची नस जोर धरते, नाडी उतरते. पाच मिनिटे पुरतात. मशीनजवळ, बसमध्ये, चुलीपुढे कुठेही जमते. ध्यानधारणेवरच्या सत्तेचाळीस चाचण्या एकत्र करून २०१४ साली अमेरिकेत पाहिले गेले; काळजी आणि उदासी यांत थोडा ते मध्यम फायदा दिसला, व्यायामापेक्षा जास्त असे मात्र दिसले नाही. म्हणजे ज्याला बसणे जमत नाही त्याने चालावे. नागसेनवनातल्या झाडांखाली किंवा लेण्यांच्या पायथ्याशी सकाळच्या उजेडात अर्धा तास चाललात तर व्यायाम आणि घड्याळ दोन्ही साधतात. आपल्या शहरात 'धम्म अजंठा' हे विपश्यना केंद्र आहे, तिथे दहा दिवसांची शिबिरे होतात. आमच्यातले काही जण जाऊन आले, त्यांना लाभ झाला. पण ज्यांच्यावर मनाच्या गंभीर आजाराचे उपचार चालू आहेत त्यांनी फॉर्म भरताना ते लपवू नये, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये, गोळ्या तर मुळीच बंद करू नयेत.

जेवणाचे फार लांबवत नाही. ज्वारीची भाकरी, डाळ, शेवग्याचा पाला, अंबाडी, फुटाणे, जमेल तेव्हा अंडी. फार वेळ उपाशी राहिले तरी शरीर त्याला संकटच समजते आणि कॉर्टिसोल वाढवते, म्हणून सकाळी चहावर दुपारपर्यंत ओढणाऱ्या ताईंनी कामाला जाण्याआधी अर्धी भाकरी तरी खावी.

आणि ज्याच्या मनात जगण्याचाच कंटाळा येतो आहे, त्याच्यासाठी श्वास आणि भाकरी पुरेशी नाही. मराठवाड्यात शेतकऱ्यांच्या घरांनी हे फार सोसले आहे. १४४१६ हा 'टेली मानस'चा सरकारी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येते. घाटीत मनोविकाराचा विभाग आहे. तिथे जाण्यात लाज नाही. सोबत कोणी नसेल तर आमच्यातले कोणीतरी येईल.

रविवारी सकाळी नऊ ते अकरा आम्ही ओट्यावर असतो. येताना घरातल्या सगळ्या गोळ्या, डब्या, पुड्या, रिकामी पाकिटेसुद्धा, एका पिशवीत घालून आणा. ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही त्यांची लेबले आम्ही वाचून दाखवू, आणि ज्या पुडीवर लेबलच नाही ती घेऊन कुठल्या खिडकीला जायचे तेही सांगू. जयभीम.